‘हेवन’ फास्ट झालंच नाही, तरी पाय का हलतात?

ब्रायन अ‍ॅडम्सचं ‘हेवन’ आणि डीजे सॅमीचं ‘हेवन’ एकापाठोपाठ ऐकवून कुणालाही फरक विचारा. उत्तर ठरलेलं असतं: ‘दुसरं फास्ट केलंय.’ उत्तर इतकं उघड वाटतं की कुणी मोजून बघायच्या भानगडीत पडत नाही. मोजलं की मात्र गंमत सुरू होते.

आधी दोन्ही गाण्यांची ओळख. मूळ गाणं ब्रायन अ‍ॅडम्स आणि त्याचा जुना जोडीदार जिम व्हॅलन्स या दोघा कॅनेडियन मंडळींनी लिहिलं. १९८३ च्या एका चित्रपटासाठी ते तयार झालं, मग १९८४ च्या ‘रेकलेस’ या अल्बममध्ये आलं आणि जून १९८५ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये तेव्हा ते ३८ व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. पुढे स्पेनचा डीजे सॅमी, जर्मनीचा निर्माता यानू आणि डो नावाची डच गायिका या तिघांनी त्याचं डान्स कव्हर केलं. तेच गाणं, तीच चाल, तेच शब्द, आणि २००२ मध्ये ब्रिटनमध्ये थेट पहिला क्रमांक! अमेरिकेतही ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता मोजू. मूळ गाण्यावर पाय सहज आपटला तर मिनिटाला साधारण ७० ठोके पडतात. डान्स कव्हरमध्ये हा आकडा १३८ च्या आसपास जातो. म्हणजे जवळपास दुप्पट. ‘बघा, म्हटलं नव्हतं फास्ट आहे!’ असं कुणी म्हणेल. पण थांबा. गाण्याचा वेग खरंच दुप्पट केला असता तर गायिकेला प्रत्येक ओळ निम्म्या वेळात उरकावी लागली असती. चार मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत संपलं असतं. तसं काहीच होत नाही. डो अगदी निवांत गाते. दोन्ही गाण्यांतली एक ओळ घ्या आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लावून बघा. लागणारा वेळ जवळजवळ सारखाच येतो. १३८ चे निम्मे ६९. गाणं जिथल्या तिथे आहे, बदललंय ते खालचं ठोके मोजायचं माप.

तबल्याच्या क्लासला गेलेल्यांना हे एका शब्दात कळेल: दुगुन. लय तीच, पण एका मात्रेत दोन बोल. इथे फक्त वाटणी वेगळी आहे. गायिका ठायीत राहते आणि दुगुन करतो तो ड्रम. विलंबित ख्याल ऐकताना गायक लांब स्वर लावून बसलेला असतो आणि तबलजी मधल्या जागा भरत असतो, तेव्हा आपण ‘गाणं फास्ट झालं’ असं म्हणत नाही. डीजे सॅमीच्या बाबतीत मात्र बेधडक म्हणतो.

यात नुसत्या कानांची चूक नाही, संगणकही इथेच अडखळतो. ध्वनिमुद्रणावरून टेम्पो ओळखणारे प्रोग्राम आम्ही रोज वापरतो आणि त्यांची सर्वांत प्रसिद्ध खोड म्हणजे दुप्पट किंवा निम्मं उत्तर देणं. आमच्या क्षेत्रात तिला ‘ऑक्टेव्ह एरर’ म्हणतात. ती इतकी नेहमीची आहे की असे प्रोग्राम तपासताना दोन वेगळे गुण देण्याची पद्धत आहे. एक कडक, उत्तर नेमकं जुळलं तरच मिळणारा. दुसरा उदार, दुप्पट किंवा निम्मं आलं तरी चालवून घेणारा. पायथॉनमधली ‘लिब्रोझा’ ही लोकप्रिय लायब्ररी तर वेगळं काही सांगितलं नाही, तर १२० च्या जवळच्या उत्तराला झुकतं माप देते. आता ७० पेक्षा १४० हा आकडा १२० ला कितीतरी जवळचा. म्हणजे अ‍ॅडम्सच्या संथ प्रेमगीतालाही ‘१४०’ चा शिक्का बसायची चांगलीच शक्यता. त्या शिक्क्यावर विसंबून कुणी व्यायामाची प्लेलिस्ट केली, तर ट्रेडमिलवर पळता पळता मध्येच डोळे मिटून गुणगुणायची वेळ यायची!

पण १२० च का? तो आकडा हवेतून आलेला नाही. लोकांना वेगवेगळ्या संगीतावर ठोके द्यायला सांगितलं की त्यांची पसंती मिनिटाला १२० च्या आसपास गोळा होते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. माणसाच्या चालीचा नैसर्गिक वेगही तेवढाच, सेकंदाला साधारण दोन पावलं. शरीराला झुलवणं सोपं पडतं ते या पट्ट्यात. मूळ ‘हेवन’मध्ये दोन ठोक्यांत सुमारे ०.८६ सेकंदांचं अंतर आहे. त्यावर मान डोलते, जोडीदाराच्या खांद्यावर डोकं ठेवून झुलता येतं, पण त्या वेगाने चालायला गेलात तर वरातीतल्या नवरदेवासारखे अडखळाल. कव्हरमध्ये हे अंतर ०.४३ सेकंदांवर येतं. ही झाली भराभर चालण्याची लय.

म्हणजे नाचण्याजोगा वेग मूळ गाण्यात होताच, फक्त आत लपलेला. प्रत्येक ठोक्याच्या मधोमध जो अर्धा ठोका आपण मनात मोजतो, त्यावर यानू-सॅमी जोडीने किक ड्रम ठेवला. एकही ठोका न चुकवता, धप-धप-धप-धप. मनातल्या मनात मोजायची गोष्ट छातीत आदळायला लागली. माझ्या मते सगळी कारागिरी इथे आहे. उगाच कुठलंही संथ गाणं दुप्पट पळवून हे साधत नाही. ९० ठोक्यांच्या गाण्याची दुगुन १८० होते, आणि त्यावर ट्रान्सचा किक घातला तर तो पाय आपटण्यापलीकडे जातो. ‘हेवन’ नेमकं अशा वेगाला होतं की दुगुन बरोबर डान्स फ्लोअरच्या पट्ट्यात पडावी.

किकच का, टाळ का नाही? यावर २०१४ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात आलेलं काम मला फार आवडतं. त्यात लोकांना एकाच वेळी एक खर्जातला आणि एक वरचा स्वर ऐकवला. मध्येच एखादा स्वर किंचित लवकर वाजवला जाई. खालचा स्वर लवकर आला की मेंदूची प्रतिक्रिया जास्त जोरकस येत होती, आणि बोटाने ठोके देणाऱ्यांचा हातही त्याच्यामुळेच जास्त सरकत होता. म्हणजे वेळ सांभाळायचं काम आपण खर्जाकडे सोपवतो.

२०२२ चा दुसरा प्रयोग आणखी मजेदार. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात प्रयोगशाळा असलेलं एक सभागृह आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताची खरी मैफल चालू असताना संशोधकांनी अतिशय खालच्या कंपनांचे, ८ ते ३७ हर्ट्झचे, स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलले. आणि ते स्पीकर कधी चालू होते हे त्यांना ओळखताच येत नव्हतं! विसर्जन मिरवणुकीत ज्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरलीत त्यांना यात नवल वाटणार नाही. (आवाजाच्या त्रासाचा विषय वेगळा आणि गंभीर आहे, त्यात इथे शिरत नाही.)

या देवाणघेवाणीत काही गेलंही. मूळ गाण्यात ‘जर्नी’ बँडचा स्टीव्ह स्मिथ ड्रम वाजवतो. तो आधी हात राखून वाजवतो, मग हळूहळू गाणं उचलतो. कव्हरमधला किक असा कुणाला उचलत नाही, तो एकतर असतो किंवा नसतो. म्हणून ट्रान्सवाले तो मध्येच काढून घेतात, नुसता आवाज आणि सिंथ ठेवतात आणि मग परत सोडतात. भावनेचा चढ दाखवायची त्यांची ती रीत. मला विचाराल तर रात्री हेडफोनवर स्टीव्ह स्मिथ, आणि हळदीच्या कार्यक्रमाला डीजे सॅमी.

आणि ‘रीमिक्सवाल्यांनी गाण्याची वाट लावली’ म्हणणाऱ्यांसाठी एक ऐकायची गोष्ट. याच त्रयीने ‘कँडललाइट मिक्स’ नावाने आणखी एक ‘हेवन’ काढलं. गायिका तीच डो, पण किक गायब, सोबतीला पियानो. म्हणजे प्रयोगात लागतो तसा कंट्रोल आयताच मिळाला: गाणं तेच, गळा तोच, काढलाय तो फक्त ठोका. तिन्ही लागोपाठ लावा आणि प्रत्येक वेळी पाय आपोआप किती अंतराने पडतो ते मोजा. मोजताना गाण्याकडे नाही, पायाकडे बघा.