देणगी कुणाची?

एका सामाजिक संस्थेकडे देणगीदारांची एक एक्सेल फाइल होती, देणग्यांची दुसरी. दोन्ही सेल्सफोर्स या ऑनलाइन प्रणालीवर न्यायच्या होत्या. नुसत्या नोंदी चढवणं सोपं असतं: तिच्या डेटा लोडरला सीएसव्ही केलेली फाइल द्यायची, रकाने जुळवायचे, बटण दाबायचं. कस लागतो तो प्रत्येक देणगी तिच्या देणगीदाराला जोडताना. ती जोडणी चुकली तर एकूण रक्कम बरोबर येते आणि आभाराचं पत्र भलत्याच माणसाला जातं.

नावावरून जोडायचं तर यादीत एकाच नावाचे दोन कुलकर्णी निघतात आणि एकच कुलकर्णी स्पेलिंग बदलून दोनदा बसलेला असतो. त्यामुळे क्रमांकावरूनच जोडायचं. पण कुठल्या क्रमांकावरून?

देणगीदार आधी चढवले की सेल्सफोर्स प्रत्येकाला स्वतःचा आयडी देतं. रिपोर्टमधून तो काढला तर १५ अक्षरांचा मिळतो आणि त्यात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरलेला असतो. शेवटचं अक्षर एकाचं स्मॉल, दुसऱ्याचं कॅपिटल, बाकी सगळं सारखं. तरी माणसं दोन. एक्सेलच्या व्हीलूकअपला हा फरक कळत नाही. अशा आयडीवरून दोन तक्ते जुळवले की तो पहिला सापडेल त्याला उचलतो, आणि चूक झाल्याचं कुठेही दिसत नाही. यासाठीच १८ अक्षरी आयडी आहे. त्यातली शेवटची तीन अक्षरं लहान-मोठेपणाचीच खूण सांभाळतात.

माझं मत विचाराल तर आयडीची ही ने-आण करूच नये. जुन्या यादीतला देणगीदार क्रमांक वेगळ्या फील्डमध्ये ठेवावा, त्याला ‘एक्सटर्नल आयडी’ आणि ‘युनिक’ अशा दोन्ही खुणा कराव्यात. मग देणग्यांच्या फाइलीत तोच क्रमांक असला की पुरे. अपसर्ट (नोंद असेल तर अद्ययावत, नसेल तर नवी) करताना मॅपिंगमध्ये ते फील्ड निवडलं की सेल्सफोर्स देणगीदार स्वतः शोधतं. फक्त सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये सहज म्हणून उघडून सेव्ह करू नका. ‘००४५२’ चा ‘४५२’ होतो आणि नातं तुटतं.

देणगीलाही अशीच ओळख लागते. पावती क्रमांक चालेल असं वाटतं, पण त्या संस्थेत तो दर एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू व्हायचा. म्हणून आर्थिक वर्ष आणि क्रमांक जोडून ओळख केली. तीच फाइल पुन्हा चालवली तरी देणगी दुप्पट होत नाही, जुनीच नोंद अद्ययावत होते.

काम संपलं की डेटा लोडर दोन फाइली देतो, यशाची आणि चुकांची. यादीत नसलेला देणगीदार क्रमांक असलेली देणगी चुकांच्या फाइलीत कारणासकट सापडते, ती दुरुस्त करता येते. पण देणगीदाराचा रकाना रिकामा असेल आणि ते फील्ड सक्तीचं नसेल, तर देणगी बिनबोभाट यशाच्या फाइलीत जाते. कुणाचीच नसलेली देणगी! म्हणून शेवटी ‘देणगीदार रिकामा’ असा फिल्टर लावून रिपोर्ट काढावाच. त्यात एकही नोंद उरली नाही, तरच आयात पूर्ण झाली म्हणावं. आणि जुन्या क्रमांकांची फील्डं नंतर अडगळ म्हणून काढून टाकू नका. पुढच्या वर्षी कुणी जुनी पावती घेऊन आला, तर शोध तिथूनच घ्यावा लागतो.