लेखन-संशोधनासाठी लॅपटॉप : पडदा किती मोठा असावा?

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, शाळेचा वार्षिक अहवाल, गावाचा इतिहास किंवा विद्यापीठास सादर करावयाचा प्रबंध, ही कामे आता बहुतांशी लॅपटॉपवर होतात. विश्वकोशातील नोंदी, जिल्हा गॅझेटिअर आणि शासन निर्णय हेही पडद्यावर वाचले जातात. एकदा घेतलेले यंत्र अनेक वर्षे वापरावे लागते आणि त्याचा पडदा मागाहून बदलून मोठा करता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वीच पडद्याच्या आकाराचा विचार करणे अगत्याचे आहे.

इंचांचा अर्थ

जाहिरातीत दिलेले इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप होय. त्यावरून रुंदी व उंची यांचा नेमका बोध होत नाही. लेखन करणाऱ्यास मात्र उंची अधिक महत्त्वाची असते. कारण एका वेळी मजकुराच्या किती ओळी दिसतील, हे तिच्यावर अवलंबून असते. १५.६ इंची पडद्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण १६:९ असल्यास त्याची उंची सुमारे १९.४ सेंटिमीटर भरते. १४ इंची पडदा १६:१० या प्रमाणाचा असल्यास त्याची उंची सुमारे १८.८ सेंटिमीटर असते. कर्णात दीड इंचाहून अधिक फरक असूनही उंचीतील फरक अवघा ६ मिलिमीटर आहे. तोच १४ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा घेतल्यास उंची सुमारे १७.४ सेंटिमीटरवर येते. म्हणजे इंचांइतकेच प्रमाणही पाहावयास हवे.

देवनागरीची निकड

मराठी मजकुरात वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. त्यामुळे रोमन लिपीपेक्षा दोन ओळींत अधिक अंतर लागते आणि तेवढ्याच पडद्यावर कमी ओळी मावतात. अधिक ओळी दिसाव्यात म्हणून अक्षर लहान केले, तर अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ यांतील चुका नजरेतून निसटतात. प्रबंधात हा दोष ठरतो. शासकीय कागदपत्रांत तर अर्थच बदलण्याचा संभव असतो.

यासाठी पडद्याची सुस्पष्टताही पाहावी लागते. ती पिक्सेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म बिंदूंच्या संख्येवर ठरते. १३६६ × ७६८ या पडद्यावर सुमारे साडेदहा लक्ष बिंदू असतात. १९२० × १०८० वर ते वीस लक्षांहून अधिक, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतात. मोठा परंतु कमी बिंदूंचा पडदा लेखनास सोयीचा नव्हे.

दोन कागद शेजारी-शेजारी

संशोधनाचे काम एका कागदावर भागत नाही. एका बाजूस संदर्भ उघडा ठेवून दुसऱ्या बाजूस टिपण करावे लागते. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. दोन कागद पूर्ण आकारात दिसण्यास ४२ सेंटिमीटर रुंदी हवी. १५.६ इंची पडद्याची रुंदी सुमारे साडेचौतीस, तर १६:१० प्रमाणाच्या १४ इंची पडद्याची सुमारे तीस सेंटिमीटर असते. दोहोंवरही कागद लहान करूनच पाहावे लागतात. याउलट टेबलावर ठेवावयाच्या २४ इंची स्वतंत्र पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर असल्याने दोन्ही कागद पूर्ण रुंदीने दिसू शकतात. लॅपटॉपच्या आकारात एक-दोन इंचांची वाढ करून जे साधत नाही, ते असा पडदा जोडल्याने साधते.

प्रवास आणि बैठक

१३ ते १४ इंची लॅपटॉप साधारणतः सव्वा ते दीड किलो वजनाचे असतात, १५.६ इंची व त्याहून मोठ्यांचे वजन दोन किलोच्या आसपास जाते. ग्रंथालय, अभिलेखागार किंवा क्षेत्रभेटीसाठी एस.टी.ने प्रवास करणाऱ्यास हा फरक जाणवतो. मोठ्या यंत्रांत बहुधा अंकांसाठी वेगळा कळसंच असतो. हिशेब व तक्ते भरणाऱ्यास तो उपयुक्त होय. मात्र अक्षरांच्या कळा त्यामुळे किंचित डावीकडे सरकतात.

आकार कोणताही असो, लॅपटॉपचा पडदा कळफलकास जोडलेला असल्याने दीर्घकाळ मान खाली झुकते. दररोज अनेक तास लिहिणाऱ्याने लॅपटॉप उंच ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीजवळ आणावी आणि स्वतंत्र कळफलक वापरावा.

निवडीचे सूत्र

सतत फिरतीवर असणाऱ्यास १३ ते १४ इंची यंत्र पुरेसे होईल. एकाच टेबलावर काम करणाऱ्यास, वेगळा पडदा घेणे शक्य नसल्यास, १५.६ किंवा १६ इंची यंत्र योग्य ठरेल. दोन्ही प्रकारचे काम असणाऱ्या शिक्षक व संशोधकांसाठी १६:१० प्रमाणाचा १४ इंची लॅपटॉप आणि घरी किंवा कार्यालयात एक स्वतंत्र पडदा ही जोडी सर्वांत सोयीची होय. संस्थांनी मागणीपत्रात केवळ इंच न नमूद करता प्रमाण, पिक्सेलसंख्या व वजन यांचाही स्पष्ट उल्लेख करावा. शक्य तेथे मराठी मजकुराचे एखादे पान उघडून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. असे केल्यास खर्च सार्थकी लागेल आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांवरील ताणही कमी होईल.