छातीचे मांस धुरावर ठेवण्यापूर्वी : मसाला, मीठपाणी की सुई?

मे महिना आला की केरीच्या घराघरांत पावसाळ्याच्या बेगमीची, म्हणजे आपल्या पुरुमेंताची, लगबग सुरू होते. सुके बांगडे, सोलां, मिरच्या यांच्या जोडीला ख्रिस्ती घरांत चोरिसांच्या माळा आणि खारवलेले मांसही असते. फेस्ताला किंवा लग्नाला बैलाच्या वा रेड्याच्या छातीचा आख्खा तुकडा धुरावर शिजवायचा असेल, तर तो आधी मसाल्यात मुरवावा, मीठपाण्यात बुडवावा की सुईने आत खारे पाणी सोडावे, असे आम्हांला विचारले जाते. प्रश्न केवळ चवीचा नाही. चूक झाली तर खर्च वाया जातोच, शिवाय पाहुणे आजारी पडतात.

आम्ही स्वतः ठेच खाऊनच शहाणे झालो. एका मे महिन्यात चार किलो मांस मीठपाण्याच्या बादलीत घालून रात्रभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले. मीठ आहे, मग भीती कसली, असे वाटले. सकाळी पाणी फेसाळलेले आणि वास आंबूस! सगळे मांस खड्ड्यात पुरावे लागले.

आधी हे मांस कसे असते ते पाहू. गुराच्या अंगाचा बराच भार पुढच्या पायांवर आणि छातीवर येतो, म्हणून हा भाग चिवट. त्यातून आपल्याकडचे जनावर पुष्कळदा नांगर ओढून थकलेले असते. अंगावर चरबी थोडी. परदेशांत खास पोसलेल्या गुरांचे मांस स्वतःच्या चरबीनेच ओलसर राहते, आपले लवकर कोरडे पडते. चिवटपणा घालवते ती मंद आच, मसाला नव्हे.

मसाला व विनागर : विंदालूची ही जुनी वाट पोर्तुगिजांकडून आली. लहान तुकड्यांना ती उत्तम. पण मोठ्या तुकड्यात लसूण, मिरे, विनागर वरच्या थरापलीकडे फारसे जात नाहीत. जास्त वेळ ठेवल्यास वरचे मांस पिठूळ होते. आत खोलवर पोचते ते मीठच, तेही सावकाश.

मीठपाणी : एका लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून, पाणी पूर्ण गार करून मांस त्यात १२ ते २४ तास बुडवावे. भांडे फ्रिजमध्येच हवे, ४ अंशांच्या आसपास. मांस ओलसर राहते, पण फ्रिजमध्ये जागा फार लागते आणि चव थोडी पाणचट होते.

सुई : तीन किलो मांसाला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी आणि ४५ ग्रॅम मीठ. वेळ वाचतो, कोरड्या मांसाला ओलावा मिळतो. मात्र वरचे जंतू सुईबरोबर खोल आत जातात. म्हणून सुई व पाणी उकळून घ्यावे, पाणी गार करावे, आणि मांस लगेच फ्रिजमध्ये किंवा आचेवर ठेवावे.

आमचे मत असे : घरच्या कामाला कोरडे मीठ सर्वांत बरे. किलोला १५ ग्रॅम मीठ वजन करून चोळावे आणि झाकून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावे. मिरे-लसूण शेवटच्या तासात लावावे. मांस फारच रोडके असेल तरच सुई. वीज वरचेवर जात असेल, तर बेत पुढे ढकलावा.

धुरासाठी आंब्याचे किंवा फणसाचे सुके लाकूड घ्यावे. काजूच्या बियांची टरफले जाळू नयेत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना व छातीला झोंबतो. आच ११० ते १२० अंश ठेवावी. आठ-दहा तासांनी मांस आतून ९० अंशांपुढे जाते आणि सळई अडखळत नाही, तेव्हा ते तयार झाले. तासभर झाकून ठेवून मग कापावे. उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे.

महिनोन्‌महिने टिकवायचे खारे मांस हा वेगळा प्रकार. त्यात मीठ पुष्कळ, वर दगडाचे वजन, रोजची उलथापालथ आणि काही घरांत सोराही. सोरा कधीही अंदाजाने टाकू नये. तो जास्त झाला तर विषारी ठरतो. असे मांस शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजवून खारटपणा काढावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये खारवलेले, धुरावलेले मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. रक्तदाब असणाऱ्यांना मीठही जपूनच खायला हवे. तेव्हा हा पदार्थ सणासुदीचाच राहू द्यावा. फेस्ताच्या ताटात एक फोड पुरे, आणि सोबत घरच्या मळ्यातली भाजी भरपूर!