फेंडरची आतली कड घरी दुमडताना

मागच्या वेळी आपण अलॉय व्हील निवडण्याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: रुंद टायर बसवले, गाडी दिसायलाही छान झाली, पण मागे माणसं बसली आणि स्पीडब्रेकर आला की 'खर्रर्र' असा आवाज येतो. हे काय आहे, आणि घरच्या घरी काही करता येईल का?

करता येतं. या कामाला फेंडर रोलिंग म्हणतात. फेंडर म्हणजे ज्याला आपण सर्रास मडगार्ड म्हणतो तेच. चाकाच्या वर जी कमान आहे, तिच्या आतून जरा बोट फिरवून बघा. बाहेरचा पत्रा खाली येऊन आत काटकोनात वळलेला लागेल. ही आतली कड साधारण १० ते २० मिलिमीटर रुंद असते. स्प्रिंग दबली, चाक वर गेलं की टायरचा खांदा या कडेवर घासतो. पत्र्याची उघडी धार आहे ती, ती रबर कापते. टायरच्या बाजूच्या भिंतीला अशी चीर पडली तर तिथे पंक्चर काढता येत नाही, आणि हायवेवर भरल्या गाडीचा टायर फुटला तर काय होतं ते मी सांगायला नको. रोलिंग म्हणजे ही आडवी कड वर वळवून बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटेल इतकी सपाट करायची. बस्स. यातून जागा मिळते ती तेवढ्या कडेपुरतीच, म्हणजे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर.

म्हणून आधी वही-पेन घ्या. समजा गाडीला कंपनीचं ६ इंची रिम होतं, ऑफसेट ४५. तुम्ही घेतलं ७ इंची, ऑफसेट ३५. रिम १ इंचाने रुंद झालं, त्यातला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे आणखी १० बाहेर. एकूण २२.७ मिलिमीटर चाक बाहेर आलं. आता कडेतून मिळणार जेमतेम १५! इथे रोलिंग करून उपयोग नाही, रिम चुकीचं आहे. तेच ७ इंची रिम ४५ च्या ऑफसेटचं मिळालं असतं तर चाक फक्त १२.७ बाहेर आणि तितकंच आत गेलं असतं. आतल्या बाजूला सस्पेन्शनपाशी जागा आहे का ते तपासायचं, आणि कदाचित कडेला हात लावायची वेळच आली नसती. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला ५ ते १० मिलिमीटरच हवेत त्यानेच या कामात पडावं.

घासतंय नेमकं कुठे, हेही बघा. कडेला आतून खडू फासा, मागे तीन माणसं बसवा, डिकी भरा आणि एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून हळू जा. टायरवर खडू उमटला तर कड दोषी. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासत असेल, तर तो वेगळा आजार आहे. रोलिंगने तो बरा होत नाही.

आता हत्यारं. खरं हत्यार म्हणजे फेंडर रोलर. चाक काढल्यावर हबवर, चाकाच्याच नटांनी, याची पाटी बसते. त्याला लांब-आखूड होणारा एक दांडा आणि टोकाला कठीण प्लास्टिकचं किंवा रबराचं रूळ. दांडा कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झोके देत फिरवायचा. विकत घेताना आपल्या हबवरच्या भोकांचं माप जुळतंय ना बघा. ४ नटांच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना १०० मिलिमीटरचं लागतं. एकदाच वापरायचं असेल तर चार मित्रांनी मिळून घ्यावं.

परदेशात एक जुगाड फार चालतो: टायर आणि कड यांच्यामध्ये बेसबॉलची बॅट अडकवायची आणि गाडी मागे-पुढे ढकलायची. आपली बॅट चपटी, म्हणून इकडे लोक लोखंडी पाइप घालतात. यात दाब किती पडतोय त्यावर तुमचा ताबा नसतो. कमान बाहेर ओढली जाते, पत्र्याला लाटा येतात. हातोडी आणि ठोकळा घेऊन मुरलेला डेंटर हे काम सुरेख करतो, पण त्याच्या हातात वीस वर्षं असतात.

यापेक्षा महत्त्वाचं हत्यार म्हणजे हीट गन. थंड रंग ताणला की तडकतो, गरम असला की थोडा लवतो. पत्रा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आला पाहिजे. हात क्षणभर टेकवता येईल पण ठेवता येणार नाही, इतका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. गन एका जागी धरू नका, रंगाला फोड येतात. बंपरची टोकं कमानीला येऊन मिळतात, ती प्लास्टिकची असतात. स्क्रू काढून बाजूला करा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ओल्या फडक्याने झाका. आणि मागच्या ज्या बाजूला पेट्रोलचं झाकण आहे, तिथे आतून टाकीत जाणारी नळी असते. त्या बाजूला गरम हवा आतल्या दिशेने मारायची नाही, बाहेरून पत्रा तापवायचा.

गाडी सपाट जमिनीवर, समोरच्या चाकांना ओट, जॅकने उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही, कारण या कामात तुम्ही गाडीला जोर लावणार आहात. कडेवरची माती, जुना डांबरी लेप साफ करा. एक पातळ चुंबक कमानीवर फिरवा; जिथे तो नीट चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. पुट्टी वाकत नाही, फुटते. अशी कमान सोडून द्या. काही गाड्यांचे फेंडर प्लास्टिकचे असतात, तिथे तर प्रश्नच नाही.

मग तापवा, रूळ टेकवा, झोका द्या. पहिल्या फेरीत कड जेमतेम हलली पाहिजे. स्क्रू अर्धा फेरा, पुन्हा तापवणं, पुन्हा झोका. एका कमानीला तासभर सहज जातो. मधूनमधून पत्र्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ वाकडी दिसू लागली की दाब जास्त होतोय. कड पूर्ण सपाट व्हायलाच हवी असंही नाही. टायर सुटला की थांबा.

सुरुवात पुढच्या फेंडरपासून करा. तो बोल्टने लावलेला असतो, बिघडला तर बदलता येतो. मागचा पत्रा गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, आणि मुख्य म्हणजे मागची कड एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची खोळ तिथे एकत्र येऊन स्पॉट वेल्ड होतात, मध्ये सीलंट असतं. कड वळली की हे सीलंट सुटतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात चिखल-पाणी त्या फटीत शिरतं आणि गंज आतून सुरू होतो. कोकण, गोवा, मुंबई, चेन्नई अशा खाऱ्या हवेत तर विचारूच नका. रंगाला बाहेरून फोड दिसेपर्यंत आतला पत्रा खाल्लेला असतो, आणि मग कमान कापून नवी वेल्ड करण्यावाचून मार्ग नाही.

म्हणून रोलिंग झालं त्याच दिवशी, बॅटरी टॉर्च घेऊन आत बघा. जिथे रंगाला केसाएवढी जरी चीर असेल तिथे घासून प्राइमर. सांध्यावर पूर्ण लांबीभर पॉलियुरेथेन सीलंट, ते सुकल्यावर रंग, आणि त्यावर अंडरकोट. रोलरवर खर्च करून या डब्यांवर पैसे वाचवणारे लोक आहेत, त्यांच्या गाड्या घेताना जपून!

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल चालत नाही. चाक कमानीच्या बाहेर डोकावत असेल तर रस्त्यात अडवलं जाण्याची तयारी ठेवा, आणि बदललेल्या चाकांची विमा कंपनीला आधीच कल्पना द्या.

चाकं परत बसवताना नट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला, आणि समोरासमोरचे आळीपाळीने. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. त्याच वेळी खडूची परीक्षाही परत करा, तीच माणसं, तोच स्पीडब्रेकर.