साबुदाण्याचा प्रश्न आणि ऑफिसातल्या गप्पा

ऑफिसात क्विझ आहे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. प्रोजेक्टर, चार संघ, गुणांचा तक्ता आणि शेवटी विजेत्यांना व्हाउचर. हे चित्र आपल्याकडे सहज रुजलं, कारण भारतात क्विझ वाढली ती स्पर्धा म्हणूनच. १९६७ साली नील ओब्रायन यांनी कोलकात्यात खुली क्विझ घेतली आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर आला. २००० च्या जुलैत ‘कौन बनेगा करोडपती’ घराघरांत पोचलं, आणि २००४ पासून टाटा क्रूसिबलने कंपन्यांचे संघ एकमेकांसमोर बसवले. या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दर आठवड्याला एखाददुसरा प्रश्न टाकून बरोबर काम करणाऱ्यांना बोलतं करायचं असेल, तर ते काम निराळं आहे. तिथे स्पर्धेचे नियम लावले की तेच चार जण उत्तरं देतात आणि बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. मग ‘आमच्याकडे असलं काही चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. या निष्कर्षामागे काही ठरावीक समजुती असतात, आणि त्या तपासून पाहण्यासारख्या आहेत.

‘प्रश्न जितका अवघड, तितका रंगतदार’

सगळ्यात जास्त नुकसान ही समजूत करते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं की आपल्याला ठाऊक असलेलं आणि नसलेलं यांच्यामधली फट दिसली की कुतूहल जागं होतं. काहीच ठाऊक नसेल तर फटही दिसत नाही. पुढे २००९ मध्ये कॅलटेकच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन हे पडताळलं. उत्तराची पक्की खात्री असलेल्या आणि अजिबात अंदाज नसलेल्या, अशा दोन्ही प्रश्नांबद्दल कुतूहल कमी होतं. ‘थांबा, हे कुठेतरी वाचलंय’ असं वाटायला लावणाऱ्या प्रश्नांबद्दल ते सर्वाधिक होतं.

एक उदाहरण घेऊ. ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी कधी धावली?’ हा प्रश्न विचारला की ज्याला १६ एप्रिल १८५३ ही तारीख पाठ आहे तो ती सांगतो आणि विषय संपतो. आता तोच विषय असा विचारा: बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली ती गाडी चौदा डब्यांची होती, तर ती ओढायला इंजिनं किती लावली असतील? इथे तारखा पाठ असलेल्याला काही खास फायदा नाही. कुणी एक म्हणेल, कुणी दोन. कुणी वाफेच्या इंजिनाच्या ताकदीचा हिशोब मांडेल, कुणी घाटात लावायच्या जादा इंजिनांची आठवण काढेल. उत्तर तीन आहे: साहिब, सिंध आणि सुलतान. आणि उत्तर मिळाल्यावरही बोलणं थांबत नाही, कारण ठाण्याहून रोज लोकलने येणारं कुणीतरी त्या टीममध्ये असतंच.

माझा सर्वांत आवडता प्रश्न मात्र उपवासाचा आहे. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची, खिचडीतल्या या चार जिन्नसांपैकी मूळचं भारतातलं कोणतं? चारही पदार्थ इतके घरचे आहेत की प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. शेंगदाण्यावर बरेच जण पैज लावायला तयार होतात. खरं उत्तर आहे, एकही नाही. बटाटा अँडीज पर्वताच्या परिसरातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, तमिळनाडूतला सेलम जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तो कंदही मूळ दक्षिण अमेरिकेचाच. मग आणखी एक प्रश्न आपोआप उभा राहतो: हे पदार्थ इथे येण्याआधी उपवासाला काय खात असतील? इथून वरीचा विषय निघतो, विदर्भातलं कुणी भगरीबद्दल सांगतं, शिंगाडा येतो. तमिळ सहकाऱ्याला सेलमबद्दल सांगायचं असतं. घरात कुणीच उपवास न करणाराही ‘आमच्याकडे मग काय असतं’ ते सांगतो. पाच मिनिटांपूर्वी यांतल्या कुणालाही दुसऱ्याच्या स्वयंपाकघराबद्दल काही ठाऊक नव्हतं.

‘बरोबर काम करतात, म्हणजे एकमेकांना ओळखतातच’

तसं होत नाही, आणि यामागे आळस किंवा माणूसघाणेपणा नसतो. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. छोट्या गटांनी विद्यार्थी प्रतिनिधीपदाच्या उमेदवारांपैकी एकाची निवड करायची होती. काही माहिती गटातल्या सगळ्यांना दिली होती, काही एकेकालाच. चर्चा मात्र बहुतेक वेळ सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या माहितीभोवतीच फिरली. एकट्याकडे असलेली महत्त्वाची माहिती मागे पडली आणि निवड चुकली. सामाईक विषयावर बोलणं सोपं असतं, समोरचा मान डोलावतो. फक्त आपल्यालाच ठाऊक असलेलं पुढे ठेवायला मात्र आमंत्रण लागतं.

नेमका प्रश्न हे तसं आमंत्रण असतं. २०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, ते कशामुळे, असं विचारलं तर बुलढाण्याच्या मुलीला टीममध्ये प्रथमच सर्वांत जास्त सांगण्यासारखं असतं. (क्षारता वाढल्यावर फोफावणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं होतं.) कामाच्या बैठकीत तिचं गाव कधीच विषयपत्रिकेवर आलं नसतं.

‘गप्प बसणाऱ्यांना नाव घेऊन विचारलं की ते खुलतात’

उलट ते आणखी मिटतात. नाव पुकारून सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न म्हणजे वर्गातला तोंडी परीक्षेचा क्षण, आणि तो अनेकांनी आयुष्यभर टाळलेला असतो. ॲमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. चूक कबूल केली किंवा अडाणी वाटणारा प्रश्न विचारला तरी आपला पाणउतारा होणार नाही, असा भरवसा जिथे होता तिथे माणसं अधिक शिकत होती. हा भरवसा भाषणाने येत नाही. मॅनेजरने सगळ्यांत आधी स्वतःचा अंदाज मोठ्याने सांगावा, तो चुकावा, आणि त्यावर त्यानेच मोकळेपणी हसावं, असं दोनचारदा घडलं की तो येऊ लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलण्याची पाळी. अनिता वूली आणि सहकाऱ्यांचा २०१० मधला अभ्यास ६९९ लोकांवर होता. गटाची एकत्रित बुद्धी सदस्यांच्या सरासरी हुशारीवर किंवा सर्वांत हुशार माणसावर फारशी अवलंबून नव्हती. समोरच्याच्या भावना ओळखता येणं आणि बोलण्याची संधी बऱ्यापैकी सारखी वाटली जाणं, यांच्याशी तिचा संबंध अधिक होता. म्हणून प्रश्न आल्यावर आधी एक मिनिट सगळ्यांनी आपापला अंदाज कागदावर लिहावा, मग शेजारच्याशी बोलावं, आणि नंतरच उत्तर मोठ्याने सांगावं. एवढ्या साध्या क्रमाने पहिल्या तीन सेकंदांत ओरडणाऱ्याची मक्तेदारी संपते.

‘हा कामाचा वेळ वाया जातो’

एमआयटीच्या ॲलेक्स पेंटलंड यांनी २०१२ मध्ये एका बँकेच्या कॉल सेंटरची हकिगत लिहिली. तिथे चहाच्या सुट्ट्या मुद्दाम वेगवेगळ्या वेळी होत्या. एका टीमला एकाच वेळी सुट्टी देऊन पाहिलं, कॉल हाताळायचा सरासरी वेळ कमी झाला, आणि मग बँकेने ती पद्धत सगळीकडे लागू केली. हा प्रयोग प्रश्नमंजुषेचा नव्हता, एकत्र गप्पा मारण्याचा होता. म्हणूनच तो इथे लागू पडतो: फायदा बोलण्याचा आहे, प्रश्न हे फक्त निमित्त. तेव्हा प्रश्नानंतर दहा मिनिटं शिल्लक नसतील तर त्या दिवशी प्रश्न विचारूच नये. आणि वर्षातून एकदा दोन तासांचा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर बुधवारी डब्याच्या वेळी एक प्रश्न मला केव्हाही बरा वाटतो.

राहता राहिली एक समजूत, की प्रश्न कुठूनही उचलले तरी चालतात. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या प्रसिद्ध खेळावर १९८४ मध्ये फ्रेड वर्थ या लेखकाने खटला भरला. आपल्या कोशातली माहिती कुणी उचलली तर कळावं म्हणून त्याने त्यात कोलंबो या टीव्हीवरच्या गुप्तहेराचं पहिलं नाव ‘फिलिप’ असं मुद्दाम खोटं लिहून ठेवलं होतं, आणि ते जसंच्या तसं खेळात आलं. वर्थ खटला हरला, पण ते खोटं उत्तर घराघरांत पोचलंच होतं. चीनची भिंत अंतराळातून नुसत्या डोळ्यांनी दिसते, हेही असंच पसरलेलं. २००३ मध्ये चीनचेच अंतराळवीर यांग लिवेई परत आले आणि आपल्याला ती दिसली नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणून ज्याची पाळी असेल त्याने उत्तर दोन ठिकाणी पडताळून आणावं. पाळी सगळ्यांची असावी, शिपायापासून संचालकापर्यंत. पगार, जात, आजारपण आणि मूलबाळ या विषयांना हात लावू नये. आणि कुणी उत्तराला आव्हान दिलं तर खेळ तिथेच थांबवून सगळ्यांनी मिळून ते शोधावं, कारण त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या गप्पा बहुधा तिथेच होतात.