नाविकांचा उठाव (१९४६) आणि इंडोनेशियाचा प्रश्न

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत झालेल्या शाही भारतीय नौदलातील नाविकांच्या उठावात इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावण्याची मागणी करण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश ध्वजाखाली सेवा बजावलेल्यांनीच साम्राज्याच्या पुढील लष्करी मोहिमेला उघड विरोध केल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी

१७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. तेथील जपानी सैन्याला निःशस्त्र करण्यासाठी ब्रिटिश अधिपत्याखालील भारतीय तुकड्या पाठवण्यात आल्या. नोव्हेंबरमध्ये सुराबाया शहरात त्यांची इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांशी भीषण लढाई झाली. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या सैनिकांना दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याविरुद्ध लढावे लागत होते.

मागणी व परिणाम

१८ फेब्रुवारी रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तो बंदरातील जहाजांवर पसरला. संप समितीच्या मागण्यांत चांगले अन्न व ब्रिटिश नाविकांइतके वेतन यांबरोबरच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून सैन्यवापसी यांचाही समावेश होता. २२ फेब्रुवारीला मुंबईतील कामगारांनी पाठिंब्यासाठी संप केला. या आंदोलनात गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक ठार झाले. वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. अनेकांना अटक झाली व सेवेतून काढण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही बडतर्फ नाविकांना नौदलात परत घेण्यात आले नाही. इंडोनेशियातील ब्रिटिश-भारतीय सैन्य नोव्हेंबर १९४६ अखेर माघारी गेले.