'फरक स्पष्ट करा'कडून परिच्छेदाकडे : शेळी-मेंढीच्या तुलनेतून लेखनाचे अध्यापन

शालेय परीक्षेतील 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा असतो. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे एका गोष्टीचे मुद्दे, उजवीकडे दुसरीचे. महाविद्यालयात आल्यावर त्याच विद्यार्थ्याला दोन प्राण्यांची तुलना करणारा परिच्छेद लिहावयास सांगितला की तो रेघ पुसतो आणि दोन्ही रकाने एकाखाली एक उतरवून देतो. वाक्ये शुद्ध असतात, माहितीही बरोबर असते, पण तुलना झालेली नसते. ही उणीव दूर करण्यासाठी वर्गात काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात शेळी व मेंढी या नित्याच्या प्राण्यांच्या आधारे केला आहे.

उणीव नेमकी कोठे असते?

पुढील नमुना पाहावा : 'शेळी हा पाळीव प्राणी आहे. ती पाला खाते. तिचे दूध पौष्टिक असते. मेंढी हा पाळीव प्राणी आहे. तिच्या अंगावर लोकर असते. ती कळपात राहते.' येथे शेळीच्या आहाराचा उल्लेख आहे, मेंढीच्या नाही. मेंढीच्या लोकरीविषयी लिहिले आहे, शेळीच्या केसांविषयी नाही. एका बाजूच्या मुद्द्याला दुसऱ्या बाजूला जोडीदार नाही. शिवाय ही तुलना कशासाठी केली, हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणजेच तुलनेला समान निकष हवा आणि निकषामागे एखादा प्रश्न हवा. या दोन गोष्टी शिकवल्या की परिच्छेदाचे निम्मे काम होते.

आधी नावे, मग निरीक्षण

लेखनापूर्वी नावे निश्चित करून घ्यावीत. उर्दू किंवा दख्खनी बोलणाऱ्या घरात शेळीला 'बकरी' व मेंढीला 'भेड' म्हणतात. मराठीत 'बकरी' म्हणजे सहसा शेळी, पण काही भागांत मेंढरांनाही 'बकरी' म्हणण्याची रीत आहे. बाजारात तर दोन्हींच्या मांसाला 'मटण' हा एकच शब्द. आपण कोणत्या प्राण्याविषयी लिहीत आहोत हे फळ्यावर ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेळी-बोकड-करडू आणि मेंढी-मेंढा-कोकरू अशा दोन ओळी लिहून घेतल्या की गोंधळ टळतो.

त्यानंतर विद्यार्थ्यांना स्वतः पाहिलेले सांगू द्यावे. शेळीची शेपटी बहुधा वर उचललेली असते, मेंढीची खाली लोंबते. शेळी झुडपाचा पाला ओरबाडते, मेंढी जमिनीलगतचे गवत चरते. दोन्ही रवंथ करतात व दोन्हींच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. इतके साम्य असूनही शेळीच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात, तर मेंढीच्या पेशीत ५४. ही शेवटची माहिती मात्र पुस्तकातूनच मिळते. डोळ्यांनी पाहिलेले कोणते व वाचलेले कोणते, हे वेगळे ठेवण्याची सवयही येथेच लावता येते.

मुस्लिम कुटुंबांतील अनेक विद्यार्थ्यांना या विषयाचे ज्ञान बकरी ईदच्या निमित्ताने घरीच मिळालेले असते. दुधाचे दात पडून पुढचे दोन कायमचे दात आले की जनावर साधारण वर्षाचे झाले, हे त्यांना ठाऊक असते. हनफी मतानुसार कुर्बानीच्या शेळीला वर्ष पूर्ण असावे लागते, पण सहा महिन्यांवरील मेंढी अंगाने भरून वर्षाची दिसत असेल तर ती चालते. शाफई मतात वयाची अट निराळी आहे. हा नियम म्हणजे निकष, फरक आणि अट या तिन्ही गोष्टी असलेली तयार तुलनाच होय. तरीही असे ज्ञान मराठीच्या वहीत लिहिण्याजोगे नाही, असे समजून विद्यार्थी गप्प राहतो. शिक्षकाने ते विचारून फळ्यावर घेतले तर तो केवळ बोलू लागतो असे नाही, तर आपल्या माहितीची मांडणीही करू लागतो.

प्रश्नातून परिच्छेद

पुढची पायरी प्रश्नाची. 'झुडपे जास्त व गवत कमी असलेल्या माळावर कोणते जनावर पाळावे?' असा प्रश्न दिला की कोणते मुद्दे ठेवायचे व कोणते गाळायचे ते आपोआप ठरते. शेपटीचा मुद्दा येथे निरुपयोगी ठरतो, आहाराचा मुद्दा महत्त्वाचा होतो. त्यातून पुढीलसारखा परिच्छेद तयार होतो :

'झुडपाळ माळावर मेंढीपेक्षा शेळी पाळणे सोयीचे ठरते. दोन्हींचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने पिलांसाठी थांबावे लागते ते सारखेच. आहार मात्र वेगळा आहे. शेळी मागच्या पायांवर उभी राहून उंचावरचा पाला खाते, तर मेंढी मान खाली घालून गवत चरते. त्यामुळे गवत सुकले की मेंढरे दूर न्यावी लागतात. शेळीचे बोरी-बाभळीवर भागते. मात्र मोठा कळप एकट्याने हाकायचा असेल तर मेंढी बरी, कारण ती कळपाला धरून चालते आणि शेळ्या पाल्याच्या शोधात पांगतात.'

यात पहिले वाक्य निर्णय सांगते, साम्य थोडक्यात येते, फरकाचे कारण दिले जाते आणि शेवटी विरुद्ध बाजूलाही न्याय मिळतो.

जोडशब्द आणि घरची भाषा

तुलनेचा भार मराठीत 'तर', 'मात्र', 'याउलट', 'त्याचप्रमाणे', 'पेक्षा' अशा शब्दांवर असतो. उर्दूतील 'जबकि'साठी विद्यार्थी 'जेव्हा की' लिहितो. तेथे वाक्याच्या मध्ये येणारा साधा 'तर' पुरतो. उर्दूतील एकच 'से' मराठीत प्रसंगानुसार 'ने', 'पासून' किंवा 'पेक्षा' होतो. वडोदऱ्याच्या विद्यार्थ्याला गुजराती 'करतां' जवळचा वाटतो, पण मराठीत 'करता' किंवा 'करिता' म्हणजे 'साठी'. बेळगावच्या विद्यार्थ्याला कन्नड 'गिंत' हा प्रत्यय 'पेक्षा'सारखाच चालतो, हे दाखवून देता येईल. उर्दूत नपुंसकलिंग नसल्याने 'करडू लहान असतो' असे लिहिले जाते. ही निष्काळजीपणाची चूक नव्हे. तिचे मूळ घरच्या भाषेत आहे आणि ते समजावून दिल्यास ती लवकर सुटते.

'सर्व' की 'बहुतेक'?

'मेंढीच्या अंगावर लोकर असते' हे वाक्य दख्खनी मेंढीला लागू पडते. तिच्या जाडसर लोकरीची घोंगडी विणतात. परंतु आंध्र-तेलंगणातील नेल्लोर मेंढी उंच, केसाळ व दिसायला शेळीसारखीच असते. हैदराबादच्या विद्यार्थ्याने हा अपवाद वर्गात मांडला तर शिक्षकाने त्याचे स्वागत करावे आणि 'सर्व', 'बहुतेक', 'काही' यांतील योग्य शब्द निवडावयास सांगावे.

समारोप

वही तपासताना तीनच प्रश्न पुरेसे आहेत. प्रत्येक मुद्द्याला जोडीदार आहे काय? तुलना कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते? विधान जितके पाहिले-वाचले तितकेच व्यापक आहे काय? शेळी-मेंढीपासून सुरुवात केलेला विद्यार्थी पुढे दोन कायदे, दोन औषधे किंवा दोन समाज यांची तुलना करणार असतो. एका बाजूचे गुण व दुसऱ्या बाजूचे केवळ दोष मांडणारी तुलना त्याने रोजच ऐकलेली असते. दोन्ही बाजूंना एकच माप लावण्याची सवय त्याला या छोट्या परिच्छेदातून लागली, तर लेखनाच्या तासाचे चीज झाले असे म्हणता येईल.